भूमींतील चूल : नगरचा हुरडा आणि हवाईचा लुआउ

गेल्या पौषांत माझ्या नातीचा वाढदिवस आला. ती पुण्यास शिकते. “आजोबा, या खेपेस नगरच्या घरीं हवाई पद्धतीची मेजवानी करावयाची,” असें तिनें दूरध्वनीवरून कळविलें आणि पाठोपाठ यादी सांगितली. अननसाच्या फोडी घातलेला पिझ्झा, कागदी फुलांच्या माळा आणि छोट्या कागदी छत्र्या खोंवलेलीं सरबतें. यादी संपली. मी छत्तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकविलेला मनुष्य. परक्या देशाचें नांव कानीं पडलें कीं हात आपोआप पृथ्वीच्या गोलाकडे जातो. मुलीचा हिरमोड करावयाचा नव्हता. परंतु ज्या देशाच्या नांवानें जेवावयाचें, त्या देशांतील लोक खरोखर काय जेवतात हें आधीं पाहून घ्यावें, एवढाच माझा आग्रह होता. त्या शोधांत जें हातीं आलें आणि त्यावरून आमच्या परसांत जें घडलें, तें आज आपल्यापुढें मांडतों.

प्रथम त्या पिझ्झ्याचें. तो १९६२ सालीं कॅनडांतील ऑंटारिओ प्रांतांत, मूळच्या ग्रीस देशच्या एका उपाहारगृहवाल्यानें प्रथम केला. डबाबंद अननसावरच्या छापावरून त्यास ‘हवाई’ हें नांव मिळालें. अननस तरी हवाईचा म्हणावा, तर तोही मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. तेव्हां यादींतील पहिला पदार्थ असा बाद झाला.

आतां गोलावर नगरावर बोट ठेवा. (सरकारदरबारीं आपल्या शहराचें व जिल्ह्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, आम्हां जुन्यांच्या जिभेवर मात्र नुसतें ‘नगर’ बसलें आहे, तें सहजीं सुटत नाहीं.) आपलें शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस १९ अंश ५ कलांवर वसलेलें आहे. त्याच अक्षवृत्तावरून बोट पूर्वेस सरकवीत न्या. बंगालचा उपसागर, ब्रह्मदेश, थायलंड, व्हिएतनाम ओलांडलें कीं पॅसिफिक महासागराचें अफाट पाणी लागतें, आणि तें अर्ध्याहून अधिक ओलांडलें कीं हवाई बेटांपैकीं सर्वांत थोरल्या बेटाचें दक्षिण टोंक नेमकें बोटाखालीं येतें. सूर्य त्यांच्या व आपल्या डोक्यावरून सारख्याच वाटेनें जातो. पायाखालचा दगडही एकाच जातीचा. आपल्या पठाराचा काळा पाषाण म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वर आलेला व थिजलेला लाव्हारस. हवाई बेटें तर सर्वस्वीं ज्वालामुखींनींच रचलेलीं, आणि तेथील किलाउएआ हा ज्वालामुखी अद्यापि जागा आहे. अशा दोन्ही प्रदेशांतील लोकांनीं मेजवानीसाठीं जमिनींत खड्डा खणून त्यांत अग्नि ठेवला, हा योगायोग मला मोठा गोड वाटला.

हवाईमध्यें या भूमींतील चुलीस ‘इमू’ म्हणतात. (मध्यंतरीं आपल्याकडे ज्या इमू पक्ष्याच्या पालनाचें वेड पसरलें होतें, त्याचा या शब्दाशीं कांहीं संबंध नाहीं.) खड्ड्याच्या तळाशीं लांकडें रचून त्यांवर लाव्ह्याचे सच्छिद्र दगड ठेवतात आणि दगड चांगले धगधगेपर्यंत, म्हणजे दोन-तीन तास, जाळ करतात. लांकूड पुष्कळदां ‘कियावे’ नांवाच्या झाडाचें असतें. हें झाड तेथें १८२८ सालीं एका पाद्र्यानें आणून लावलें. आपल्या ओसाड रानांत माजलेली वेडी बाभूळ त्याची अगदीं जवळची बहीण आहे. जाळ खालीं बसला कीं दगड सारखे पसरून त्यांवर केळीच्या खांबाचे ठेचलेले तुकडे घालतात. साऱ्या पाकक्रियेची युक्ति येथेंच आहे. केळीचा खांब म्हणजे पाण्यानें गच्च भरलेला बोळा. तप्त दगडांशीं गांठ पडतांच त्यांतून वाफ सुटूं लागते. मग केळीचीं व ‘टी’ नांवाच्या झुडपाचीं पानें, त्यांवर पदार्थ, पुन्हां पानें, त्यांवर ओल्या चटया अथवा गोणपाटें, आणि सर्वांवर माती. कोठें वाफेची धार दिसली कीं तेथें आणखी एक मूठ माती दाबावयाची. पुढें सहा-आठ तास तिकडे पाहावयाचेंही नाहीं. अखंड डुक्कर त्यांत इतकें मऊ शिजतें कीं मांस नुसत्या हातानें उकलावें. त्याच खड्ड्यांत रताळीं, नीरफणस आणि अळूचे गड्डेही शिजतात.

आपल्याकडे या रीतीच्या सर्वांत जवळ जाणारा प्रकार कोंकणांत आहे. रायगड जिल्ह्यांत, विशेषेंकरून अलिबागेकडे, हिंवाळ्यांत ‘पोपटी’ लावतात. मडक्यांत भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडीं, बटाटे, आणि खाणाऱ्यांसाठीं मसाला लावलेली कोंबडी भरावयाची. तोंड पाल्यानेंच गच्च बंद करून मडकें उपडें घालावयाचें व भोंवतीं जाळ करावयाचा. पाणी थेंबभर घालीत नाहींत. पाल्याच्या व शेंगांच्या अंगच्या ओलाव्यावरच सारें शिजतें. हवाईचा केळीचा खांब आणि रायगडचा भांबुर्डा यांचें काम एकच.

आपली हुरड्याची आगटी मात्र वेगळ्या स्वभावाची. इमू झांकलेला व संथ. आगटी उघडी व उतावळी. हातभर रुंदीचा, वीतभर खोलीचा खड्डा, त्यांत शेणाच्या गोवऱ्यांचा धूर सरलेला निखारा, आणि त्यांत दांडे बाहेर ठेवून खुपसलेलीं जोंधळ्याचीं कोंवळीं कणसें. दोन-चार मिनिटांत दाणा तकाकूं लागतो, एखादा फुटल्याचा आवाज येतो; तसें कणीस उचलून राख झटकावी आणि गरम असतांनाच तळहातांमध्यें चोळून दाणे गोणपाटावर पाडावे. कोंडा फुंकरीनें किंवा सुपानें उडवावा. हिरवा, मऊ, किंचित् धुरकट वासाचा दाणा तेथल्या तेथें खावा.

तेथल्या तेथें कां, हें समजून घेण्याजोगें आहे. जोंधळ्याचा दाणा प्रथम दुधाळ असतो. मग तो मऊ कणकेसारखा होतो, आणि या अवस्थेंत त्याच्यांत साखर पुष्कळ असते. पुढें पुढें तीच साखर पिठूळ सत्त्वांत बदलत जाते व दाणा भाकरीच्या कामाचा होतो. ही मधली अवस्था एका शेतांत फार तर आठ-दहा दिवस टिकते. कणीस खुडल्यावरही गोडी उतरूं लागते, म्हणून सकाळीं खुडलेलें कणीस संध्याकाळपर्यंत आगटींत गेलें पाहिजे. शहरांत आणावयाचें तर ओल्या फडक्यांत गुंडाळून आणावें. आणि भाजलेला हुरडा निवला कीं चिवट होतो, त्याला दुसऱ्यांदां ऊब देऊन कांहीं उपयोग होत नाहीं.

कोणताही जोंधळा हुरड्यास चालतो असें नाहीं. मालदांडी भाकरीला उत्तम. परंतु हुरड्यासाठीं दाणा गोड असून बोंडांतून चटकन् सुटणारा हवा. त्यासाठीं सुरती व गुळभेंडी हे वाण जुन्या लोकांच्या पसंतीचे. आपल्याच जिल्ह्यांतील राहुरीच्या महात्मा फुले कृषि विद्यापीठानें ‘फुले उत्तरा’ व ‘फुले मधुर’ हे वाण मुद्दाम हुरड्यासाठीं काढले आहेत. कर्जत, जामखेड, श्रीगोंदें या बाजूस रब्बीचा जोंधळा पावसानंतर जमिनींत उरलेल्या ओलीवर येतो. भाद्रपद-आश्विनांत पेरला कीं मार्गशीर्षाच्या अखेरीपासून माघापर्यंत हुरडा मिळतो. जेथें कालव्याचें पाणी आलें तेथें ऊस आला आणि जोंधळा बांधापलीकडे गेला. शेतकऱ्यास त्याचा दोष देण्याचा अधिकार निदान आम्हां पेन्शनरांस नाहीं.

हवाईच्या मेजवानीस ‘लुआउ’ म्हणतात हें पुष्कळांना ठाऊक असतें. पण त्या शब्दाचा मूळ अर्थ ऐकून मी थक्क झालों. लुआउ म्हणजे अळूचें कोंवळें पान! पूर्वीं अशा जेवणास तेथें ‘पाइना’ अथवा ‘अहाआइना’ म्हणत. एकोणिसाव्या शतकांत पानांतील एका आवडत्या पदार्थाचें नांव साऱ्या समारंभास पडलें. आपणही ‘हुरड्याला या’ असेंच म्हणतों. कोंवळ्या दाण्याचें नांव समारंभास देतों. आणि तें अळू म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून ज्याच्या वड्या व फदफदें आपण करतों तेंच. हवाईचे लोक त्याचा गड्डा शिजवून, कुटून, पाणी घालून ‘पोई’ नांवाची जांभळट लापशी करतात, ती ताजी किंवा दोन-तीन दिवस आंबवून खातात. त्यांच्या पुराणकथेंत अळू हा मनुष्याचा वडील भाऊ आहे: प्रथम जन्मलेलें मूल मृत निपजलें, त्यास पुरलें तेथून अळू उगवलें, आणि त्यानंतर जन्मलेल्या धाकट्या भावापासून माणसें झालीं. म्हणून पोईचें भांडें उघडें असेपर्यंत घरांत भांडण करावयाचें नाहीं, अशी चाल आहे. ही चाल मला फार आवडली. आमच्या घरीं श्रीखंडाच्या पातेल्यासाठीं ती लागू करावी असें मीं सुचविलें. अद्याप ठराव झालेला नाहीं.

आतां ज्या गोष्टीमुळें हें भाषण करावेंसें वाटलें ती सांगतों.

जुन्या हवाईंत ‘कापू’ म्हणजे धर्मनिर्बंध फार कडक होते. त्यांत पुरुषांनीं व स्त्रियांनीं एकत्र जेवावयाचें नाहीं हा एक. स्वयंपाक पुरुष करीत. पण स्त्रियांचें अन्न निराळ्या इमूंत शिजे, त्या निराळ्या घरांत जेवत, आणि डुकराचें मांस, नारळ, बहुतेक जातींचीं केळीं त्यांना वर्ज्य असत. निर्बंध मोडणारास प्रसंगीं देहान्त शासन असे. १८१९ सालीं पहिला कामेहामेहा राजा वारला व त्याचा पुत्र लिहोलिहो गादीवर आला. त्याच वर्षीं कैलुआ येथें मेजवानी भरली असतां, हा तरुण राजा त्याची माता केओपुओलानी व राजविधवा काअहुमानू यांच्या सांगण्यावरून उठला, स्त्रियांच्या पंक्तीस जाऊन बसला आणि जेवूं लागला. एवढेंच घडलें. पण त्या एका जेवणानें शेंकडों वर्षांचा निर्बंध मोडला, आणि त्यामागोमाग जुनीं देवालयेंही गेलीं. आज ज्यास आपण लुआउ म्हणतों, जेथें स्त्रीपुरुष मांडीस मांडी लावून जेवतात, तो समारंभ त्या दिवसानंतरचा आहे.

हें वाचीत असतां मला माझ्या लहानपणची हुरड्याची आगटी आठवली. आमचें मूळ गांव कर्जत तालुक्यांत. पौषांत वडील, चुलते, गांवचे चार प्रतिष्ठित आणि आम्ही मुलें मळ्यांत जात असूं. आगटीशीं आमचा सालगडी बसे. कणसें भाजणें, चोळणें, पाखडणें सारें तोच करी. त्याचे तळहात संध्याकाळपर्यंत काळेभोर होत. तो कधीं खाई, हें मीं कधीं पाहिलें नाहीं, आणि विचारलेंही नाहीं. आई व चुलत्या घरीं असत. त्या दिवशीं मळ्यावर नेण्याच्या चटण्या त्यांनींच पहांटे उठून कुटलेल्या. दिवेलागणीस आम्ही परत येतांना एका पंचांत हुरड्याची पुरचुंडी बांधून आणीत असूं. आई ती सोडी, दोन दाणे तोंडांत टाकी आणि म्हणे, “गोड आहे हो.” मी तें खरें धरून चालत होतों. निवलेला हुरडा कसा लागतो, हें मोठेपणीं एकदां बैठकीस उशिरां पोंचलों तेव्हां कळलें. चामड्यासारखा.

हल्लीं जिल्ह्यांत ठिकठिकाणीं पैसे घेऊन हुरडा खाऊं घालणारीं शेतें झालीं आहेत. त्यांत वाईट कांहीं नाहीं. शेतकऱ्याच्या हातीं जोंधळ्याचे चार पैसे जास्त पडतात आणि शहरांतील स्त्रिया तेथें मानानें आगटीभोंवतीं बसतात. परंतु मागें पत्र्याच्या आडोशाला चुलीपुढें भाकऱ्या थापीत बसलेल्या बायांच्या वाट्यास हुरडा गरम येतो कीं नाहीं, तेवढें जातांना पाहावें.

असो. नातीच्या मेजवानीकडे वळूं.

परसांत आम्हीं दोन खड्डे खणले. एक इमूचा, एक आगटीचा. इमूसाठीं मीं मोठ्या हौसेनें सीना नदीच्या पात्रांतील गुळगुळीत गोटे वेंचून आणविले. भूगोलाच्या शिक्षकानें हें करावें ही शरमेची गोष्ट. नदींतल्या दगडाच्या भेगांत पाणी मुरलेलें असतें. जाळ लागतांच त्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाहीं. तिसऱ्या कीं चौथ्या दगडानें बंदुकीसारखा बार केला आणि एक कपची बादलीला भोंक पाडून गेली. सुदैवानें मुलें दूर होतीं. मग तें सारें विझवून, वर्षानुवर्षें उन्हांत पडलेल्या पडक्या भिंतीचे कोरडे दगड घेतले, प्रथम मंद व मग मोठा जाळ केला, आणि दगड तापेपर्यंत कोणासही दहा पावलांच्या आंत येऊं दिलें नाहीं. आपण करणार असाल तर दगडांऐवजीं पक्क्या भाजलेल्या कोरड्या विटा घ्या. आणखी एक: हा विस्तव उघड्यावरच हवा. गच्ची चालेल, तेथें लोखंडी घमेल्यांत वाळूचा थर देऊन आगटी करतां येते. बंद खोलींत किंवा झांकलेल्या सज्जांत निखारा ठेवूं नये; त्याच्या विषारी वायूस वास नसतो.

आमचें घर शाकाहारी, म्हणून डुकराचा प्रश्न नव्हता. हवाईंत मांस-मासळी अळूच्या पानांत गुंडाळून ‘लाउलाउ’ नांवाचीं पुडकीं करतात; आमच्या सूनबाईंनीं त्याच धर्तीवर भोपळा, रताळें, ओले मटार व शेंगदाण्याचें कूट यांचें सारण करून तें अळूच्या चार-चार पानांत बांधलें, वर केळीचें पान गुंडाळलें व केळीच्याच सोपटानें आवळलें. अळूच्या पानांना चिंचेचा कोळ मात्र चोपडून फांसावा. अळूंत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, घसा खवखवतो तो त्यांमुळें. चिंच व दीर्घ शिजवणी हे दोन उपाय हवेत. हवाईच्या गृहिणीही कच्चट अळूस फार भितात. आमचीं पुडकीं सकाळीं दहास पुरलीं तीं चारला काढलीं. घरांत मोदकपात्रांत करावयाचीं तर सव्वा तास तरी वाफ द्यावी.

गोडासाठीं ‘हाउपिया’ केला. नारळाचें दाट दूध दोन वाट्या, साखर सहा चमचे, आरारूट सहा चमचे. आरारूट थोड्या थंड दुधांत कालवून घ्यावें, बाकीचें दूध साखर घालून मंद आंचेवर ठेवावें, त्यांत तें ओतून न थांबतां ढवळावें. गोळा पळीस धरूं लागला कीं ताटांत ओतून तीन-चार तास थंड जागीं ठेवावा आणि वड्या कापाव्या. खरवसासारखी थरथरणारी, पांढरीशुभ्र वडी होते. वेलदोडा घालण्याचा मोह सूनबाईंस झाला होता. मीं घालूं दिला नाहीं. आतां वाटतें, घातला असता तर बरें झालें असतें.

हुरड्यासोबत शेंगदाण्याची व लसणाची चटणी, घट्ट दहीं, गूळ, बोरें, उसाचे करवे, ओल्या हरभऱ्याचा हुळा आणि नगरची गोडीशेव एवढें होतें. नातीच्या कागदी माळांऐवजीं शेवंतीच्या खऱ्या माळा केल्या. तिची छत्र्यांचीं सरबतें मात्र ठेवलीं, कारण वाढदिवस तिचा होता.

नियम एकच केला. जो कणसें चोळील, पहिली मूठ त्याची. आणि पांच कणसें झालीं कीं त्यानें उठावें, दुसऱ्यानें बसावें. जांवईबापूंपासून कामवाल्या बाईंपर्यंत सर्वांस तो लागू होता. शहरांतल्या मुलांना दोन कणसांतच चटके बसूं लागले तेव्हां एकेकानें आपले तळहात निरखून पाहिले. मला आमचा सालगडी आठवला. त्याचा मुलगा आतां आमच्याच गांवीं स्वतःची शेती करतो; कणसें त्याच्याकडूनच आणलीं होतीं, आणि तो नेण्यास आग्रहानें थांबवून घेतला होता. तो मात्र चोळावयास बसला तो उठेनाच. शेवटीं नातीनें त्यास हात धरून उठविलें.

आई आतां अठ्ठ्यांशी वर्षांच्या आहेत. दांत नाहींत, हुरडा आपल्याला चावणार नाहीं म्हणून त्या घरांतच बसल्या होत्या. मीं खुर्ची आगटीजवळ नेऊन ठेवली. नातीनें एक कणीस चोळलें, फुंकर घातली आणि वाफाळती मूठ पणजीच्या ओंजळींत दिली. त्यांनीं थोडे दाणे तोंडांत घोळविले, बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “अरे, हा एवढा मऊ असतो होय?”

अंधार पडल्यावर आगटी पाणी ओतून विझविली. इमूचे दगड मात्र दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत गरम होते, त्यांना कोणी हात लावूं नये म्हणून वर पाटी उपडी घालून ठेविली. गोवऱ्यांची राख सूनबाईंनीं चाळून डब्यांत भरली. तुळशीच्या कुंडीला व पितळेचीं भांडीं घासावयास ती उत्तम. हुरडा माघाच्या मध्यापर्यंत मिळेल. ज्यांना करावयाचा असेल त्यांनीं शेतकऱ्यास चार दिवस आधीं सांगून ठेवावें.